धारूर, केज, नेकनूर, बीड आणि मग ट्रंपेट

नागपंचमीनंतरचा पहिला रविवार, सकाळची वेळ. ठिकाण: धारूरला किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं बँडचं दुकान आहे, त्यामागचा पत्र्याचा शेड. हजर: अण्णा, म्हणजे माझे वडील आणि बँडचे मास्तर, ट्रंपेट. गफूरचाचा, सॅक्सोफोन. लिंबाजी, ट्रॉम्बोन. दिलीप, बेंजो, नेकनूरहून पहिल्या गाडीने. सुदाम, ड्रम, सोबत त्याच्या शेळ्या, कारण रविवारी त्यांना बघायला घरी कोणी नसतं. चकलांब्याचे सर, पाहुणे. आणि मी शैला. बुकिंग, याद्या आणि चहा. गैरहजर: कोणी नाही. हे शेवटचं वाक्य लिहिताना मला फार बरं वाटलं. बँडवाल्यांची शंभर टक्के हजेरी ही आमच्या धंद्यात गोष्ट सांगण्यासारखीच घटना आहे.

जमायचं कारण असं. गणपती उठले की सर कॉलेजातून निवृत्त होतायत. बीडला एका मंगल कार्यालयात त्यांच्या सेवापूर्तीचा कार्यक्रम आहे आणि त्यात भाषणं कमी, बँड जास्त, असं त्यांनी आधीच सगळ्यांना बजावलंय. वाजवायचं एकच गाणं. तेच, जे त्यांच्या लग्नात आम्ही वाजवलं होतं.

अडचणी दोन. एक, त्या गाण्याचा शेवट आमच्यापैकी कोणालाच येत नाही. दोन, अण्णांचा वरचा पुढचा दात हलतोय.

दाताचं महत्त्व बाहेरच्या माणसाला समजावून सांगते. ट्रंपेट फुंकताना त्याचं तोंड ओठांवर दाबावं लागतं आणि ओठांना आतून आधार असतो तो पुढच्या दातांचा. तो आधार गेला की वरचे सूर गेले. केजच्या डॉक्टरांनी दात काढायलाच सांगितलाय. अण्णांनी त्यांना सांगितलं, "काढा की. पण गाण्याचा शेवट वाजवून झाल्यावर." डॉक्टरांना वाटलं, म्हातारं काहीतरी बरळतंय. मी शेजारीच बसले होते, मी मान हलवली. आमच्या घरात या वाक्याचा अर्थ सगळ्यांना कळतो.

आता मागे जाते.

मी दुकानात बसायला लागले तेव्हा विशीत होते. अण्णांना वाजवणं जमायचं, लिहिणं जमायचं नाही. एकाच दिवशी एकाच वेळी दोन गावांची लग्नं ते आनंदाने घ्यायचे आणि मग तिथीच्या दिवशी दुकानाला कुलूप लावून शेतात जाऊन बसायचे. म्हणून मी बुकिंग हातात घेतलं. गिऱ्हाइकांना नवल वाटायचं. "बँडवाले कुठायत?" असं मलाच विचारायचे आणि मी "बसा, काय पाहिजे?" म्हटलं की पुन्हा दाराबाहेर जाऊन पाटी वाचून यायचे.

लग्नाशिवायचीही बुकिंग असायची. बोअरला पाणी लागलं म्हणून एकाने बोलावलं. आम्ही पोहोचेपर्यंत पाणी गेलं होतं, तरी त्याने वाजवून घेतलं. "गेलं ते गेलं, आलतं तर खरं," म्हणाला. एका गावात ग्रामपंचायतीच्या निकालाच्या दिवशी दोन्ही उमेदवारांनी आम्हालाच सांगून ठेवलं. मी दोघांना एकच अट घातली, जो जिंकेल त्याचा बँड. जो हरला तोही मिरवणुकीत नाचला. बँड आपणही सांगितला होता, ही भावना असावी.

पण सगळ्यात और गिऱ्हाईक म्हणजे चकलांब्याचे सर. नुकतेच इंग्रजी शिकवायला लागलेले, अंगाने किडकिडीत, खिशात दोन पेनं. स्वतःच्या लग्नाचं बुकिंग करायला स्वतःच आले. नवरदेव असा स्वतः येत नसतो. मामा येतो, चुलता येतो, आणि यादीवर "झक्कास वाजलं पाहिजे" एवढंच लिहायला सांगतो. हे आले, पिशवीतून टेप काढला, टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "परण्याला मला हे पाहिजे."

परण्या म्हणजे लग्नाआधी नवरदेव घोड्यावर बसून मारुतीच्या पाया पडायला जातो आणि वाजतगाजत मांडवात येतो, ती मिरवणूक. आमची खरी परीक्षा तीच.

कॅसेट अमेरिकेतल्या एका जुन्या बँडची. सरांनी कॉलेजात असताना हॉस्टेलवर कोणाकडून तरी भरून घेतलेली. सुरुवातीला गिटार आणि ड्रम. अण्णांनी तोंड वाकडं केलं. गिटार म्हणजे त्यांच्या मते डब्यावर ताणलेली तार. गाणारा गायला लागला, अण्णा उठून चुन्याची डबी शोधायला लागले. आणि तेवढ्यात ट्रंपेट, ट्रॉम्बोन आणि सॅक्सोफोन, तिघं एकदम आले. म्हणजे कसे आले सांगू? भरल्या घरात पितळेची परात जिन्यावरून सुटावी, आणि ती सुरात पडावी. माझ्या हातातलं पेन खाली पडलं. अण्णा चुन्याची डबी हातात घेऊन तसेच उभे राहिले.

"गफूर! आरं गफूर! लिंबाजीला घिऊन ये!"

दोघं आले. कॅसेट मागे फिरवून पुन्हा लावली. पुन्हा तो दणका आला. लिंबाजी घाबरून मागे सरकला, मग हसायला लागला, आणि हसू त्याला आवरेना. गफूरचाचा म्हणाले, "मास्तर, ये तो अपनेच लोगां हैं!"

"आपलेच हायत," अण्णा म्हणाले. "नुसते केस वाढिवलेत."

केसांचं त्यांना कळलं ते कॅसेटसोबतच्या फोटोवरून. त्यात लांब केसांची, रुंद कॉलरची माणसं दाटीवाटीने उभी होती आणि बरोब्बर मध्ये, छाती काढून, ट्रॉम्बोनवाला. लिंबाजीने तो फोटो दुकानाच्या दारात उजेडाला नेऊन पाहिला. आमच्याकडे ट्रॉम्बोन नेहमी कडेला चालायचा. त्याची नळी पुढेमागे सरकते, गर्दीत कोणाला तरी लागते, म्हणून. "ताई," लिंबाजी म्हणाला, "ह्यो बीचमंदी उभा हाय." मी म्हटलं, "हो." तो म्हणाला, "मग मी कावून कडंला?"

गाणं अर्ध्यावर असतानाच टेपमध्ये खट् वाजलं आणि सगळं थांबलं. कॅसेटची बाजू संपली होती. सर ओशाळून म्हणाले, "एवढंच भरलं गेलंय. शेवट माझ्याकडेही नाही."

"शेवटाची काळजी कावून करता?" अण्णा म्हणाले. "मांडव आला की आमचा शेवट."

हे त्यांचं म्हणणं धंद्याला धरूनच होतं. परण्यात कुठलंही गाणं पुरं होत नसतं. मांडव दिसेपर्यंत फिरवत राहायचं, दिसला की मास्तरांचा हात वर, बास.

गिटारवाला काही मिळाला नाही. मी नेकनूरच्या बेंजो पार्टीतला दिलीप धरून आणला. बेंजो म्हणजे तारांवर टाइपरायटरसारखी बटणं असलेलं वाद्य. त्याला वीज जोडून हातगाडीवरच्या भोंग्यातून सोडलं की गिटारीच्या तोंडात मारेल. दिलीपने ते गाणं एका दुपारी बसवलं. सुदामने ड्रम त्याहून लवकर बसवला. अडलं ते आमच्या फुंकणाऱ्यांपाशी, आणि अडलं तेही अशा गोष्टीवर, की मला आजही हसू येतं.

त्यांना गप बसता येईना.

लग्नाच्या बँडमध्ये सगळे सगळा वेळ फुंकत असतात. श्वास घ्यायला एकेक जण थांबतो, पण बँड थांबत नाही. थांबला की लोक ओरडतात. त्या गाण्यात मात्र कॅसेटमधले तिघं कितीतरी वेळ नुसते उभे राहतात, गिटारीला बोलू देतात, आणि मग एकदम टोला हाणतात. मजा सगळी त्या थांबण्यात होती. आणि अण्णांना थांबा म्हणणं म्हणजे ओढ्याला थांबा म्हणणं. आठ मात्रा गप राहायचं होतं. दुसऱ्या मात्रेला अण्णांचा ट्रंपेट सुरू. मोजायला सांगितलं तर मोजता मोजता मान हलायची, मान हलली की ओठ हलायचे, ओठ हलले की ट्रंपेट तोंडाला.

"अण्णा, थांबा ना जरा!"

"थांबलोच हाय की!"

"मास्तर," गफूरचाचा म्हणाले, "चुप खडा रहना, ये बी बजानाच है."

"तू मला शिकीव आता!"

शेवटी मी एक उपाय काढला. माझ्या डोक्यात तेव्हा रात्रंदिवस एकच गोष्ट फिरायची, कोणत्या गाडीने कोणाला कुठे पाठवायचं. मी म्हटलं, आकडे सोडा, मनात एसटीने जा. धारूर, केज, नेकनूर, बीड. परत फिरा. बीड, नेकनूर, केज, धारूर. धारूरला उतरलात की फुंका.

आणि हे जमलं! अण्णा डोळे मिटून प्रवासाला निघायचे, बीडला जाऊन यायचे आणि धारूरला उतरल्या उतरल्या असा टोला द्यायचे की शेडचा पत्रा वाजायचा. फक्त लिंबाजी परतीच्या वाटेवर मध्येच एकटा फुंकायचा. प्रत्येक वेळी, त्याच जागी. भ्वाँक!

"लिंबाजी, तू नेकनूरलाच का उतरतोस बाबा?"

"ताई, सासुरवाडी हाय माजी तिथं."

खूप प्रयत्न केले. त्याला नेकनूरच्या जागी दुसरं गाव दिलं, तर तो दोन्हीकडे उतरायला लागला. शेवटी मी त्याला सांगितलं, हळू उतर.

आणि सरांची सासुरवाडी कुठली? नेकनूर. परण्या नेकनूरलाच निघणार होता.

त्या दिवशी ऊन कलल्यावर सर घोड्यावर चढले. घोडा उंच, सर घाबरलेले, मुंडावळ्या नाकात. पुढे हातगाडीवर भोंगा आणि दिलीप. मागे सुदाम. मग आमचे तिघे, आणि लिंबाजी मध्ये. त्याने ते शेवटपर्यंत सोडलं नाही. मी कडेने चालत होते. निघताना अण्णांनी मला सांगून ठेवलं होतं, "एक परण्या बघू. लोकांनी शिव्या घातल्या तर कॅसेट सराला परत आन् आपलं जुनं चालू." आणि मला तर ते गाणं झोपेतही ऐकू यायला लागलं होतं.

बेंजो सुरू झाला. ड्रम सुरू झाला. तिघं वाद्यं खाली धरून उभे. लोक बघायला लागले. सरांचे मामा, मोठा फेटा, मोठं पोट, मोठा आवाज, ते गर्दी कापत आले.

"ए मास्तर! कावून गप बे? फुंकाया बोलीवलं का हुबं ऱ्हायाला?"

अण्णांचे डोळे मिटलेले. ते केजच्या आसपास होते.

"आरं, बहिरा हाय का काय ह्यो!"

अण्णांचा चेहरा लाल झाला, पण बस सोडली नाही. बीड झालं. परतीचा रस्ता लागला. नेकनूर आलं आणि लिंबाजी उतरला. भ्वाँक! आणि उतरताना त्याने नळी पूर्ण लांब केली, ती थेट मामांच्या फेट्यात. फेटा उडून घोड्याच्या मानेवर. मामांनी शिवी द्यायला तोंड उघडलं आणि त्याच क्षणी धारूर आलं. तिघांचा टोला मामांच्या अगदी तोंडासमोर पडला.

मामा जागच्या जागी उडाले. खरंच उडाले, दोन्ही पाय जमिनीवरून सुटलेले मी पाहिले. खाली आले आणि काय झालं कोणास ठाऊक, पुन्हा उडाले. मग नाचायलाच लागले. सगळी गर्दी नाचायला लागली. घोडाही नाचायला लागला, सरांनी त्याच्या मानेला मिठी मारली.

पुन्हा तिघं गप झाले. एक पोरगं ओरडलं, "वाजवा की!" तर मामांनीच दोन्ही हात पसरून गर्दी अडवली, "थांबा बे! आता येतंय! थांबा!" तिसऱ्या वेळेपर्यंत सगळ्या गावाला कळलं होतं. भ्वाँक आला की सगळे श्वास रोखून खाली वाकायचे आणि टोला आला की एकदम वर. बायका ओट्यांवरून वाकायच्या. चहाच्या हॉटेलातला आचारी झारा घेऊन वाकायचा. मुहूर्त केव्हाच टळून गेला होता. मी हसत होते आणि डोळे पुसत होते. अण्णांनी वाजवता वाजवता माझ्याकडे बघून एक डोळा मारला. माझ्या वडिलांनी डोळा मारलेला मी आयुष्यात तेवढाच पाहिला.

मांडव आला. अण्णांनी हात वर केला आणि गाणं मधूनच तुटलं. लोक ओरडत राहिले, भटजी माईकवरून "सावधान" म्हणत राहिले. गाडीत बसल्यावर सगळे दंग्यात होते, अण्णा मात्र ट्रंपेट पुन्हा पुन्हा पुसत होते.

"काय झालं अण्णा? झक्कास झालं की."

"झालं," ते म्हणाले. "पण मधीच तुटलं गं. हे गाणं तोडायचं न्हवतं. ह्याला शेवट असंल कायतरी. लई भारी असंल."

तिथून पुढे कितीतरी वर्षं ते गाणं आम्हाला सोडवेना. गिऱ्हाइकं "ते एसटीचं गाणं" म्हणून मागायची. सर तशाच आणखी कॅसेटी आणून द्यायचे. दुकानात दिवसभर तेच चालायचं. कुठल्या बँडमध्ये किती ट्रंपेट, किती ट्रॉम्बोन, हे मला तोंडपाठ झालं. एकदा एक आजोबा बराच वेळ ऐकून म्हणाले, "भजन बरं हाय, पण टाळ कुठाय?" मला ते बँड का आवडतात ते मी एका वाक्यात सांगू शकते: त्यात आमच्यासारखी फुंकणारी माणसं होती आणि ती मिरवणुकीच्या मागे नव्हती, फोटोच्या मध्यभागी होती.

मग डीजे आला. आता परण्यात भिंतीएवढे डबे येतात आणि आमचा बँड गणपतीला, कधी पुढाऱ्याच्या स्वागताला. वाद्यं नुसती पडून राहिली की पितळ काळं पडतं. मी ते दर महिन्याला चिंचेने घासते. वाईट वाटतं, पण घासताना वाईट वाटून घ्यायला फुरसत नसते.

तर त्या रविवारी. चहा झाला. सरांनी खिशातून मोबाइल काढला आणि म्हणाले, "अण्णा, आता ते गाणं आख्खं मिळतं. मी अजून शेवटपर्यंत ऐकलेलं नाही. म्हटलं, तुमच्यासोबतच ऐकू."

सगळे मोबाइलभोवती गोळा झालो. गिटार, ड्रम, गप, टोला. अण्णांची बोटं मांडीवर चालत होती. लिंबाजी कान देऊन ऐकत होता. मध्येच तो नाराज होऊन म्हणाला, "ह्याच्यात भ्वाँक न्हाई."

"ते तुझं हाय बे," दिलीप म्हणाला. "त्यांला कुठली नेकनूरची सासुरवाडी!"

कॅसेट जिथे तुटायची ती जागा गेली. आता नवं. आम्ही श्वास रोखला. तिघं पुन्हा आले, पुन्हा आले, एकमेकांना उत्तरं देत आले, आणि मग आवाज कमी व्हायला लागला.

"सर, वाढवा की."

"पूर्ण वाढवलाय."

"चार्जिंग खतम हुआ क्या?"

"नाही हो."

आणखी कमी. आणखी कमी. गफूरचाचांनी कान मोबाइललाच लावला. मग काहीच नाही. बाहेर एक शेळी ओरडली.

सरांनी सांगितलं की तिकडे तशी पद्धत होती. रेकॉर्ड करताना बँड वाजवतच राहायचा आणि खोलीत बसलेला माणूस आवाज हळूहळू बंद करायचा.

अण्णांनी मोबाइल हातात घेऊन उलटा करून पाहिला. "म्हंजे," ते म्हणाले, "त्यांना बी शेवट आला न्हाई?"

आणि हसायला लागले. हलणाऱ्या दातावर बोट ठेवून, दुखतंय म्हणत हसायला लागले. मग लिंबाजी, मग सगळे. दिलीप पोट धरून जमिनीवर बसला. "इतकी वर्षं! मास्तर, इतकी वर्षं आपण बेजार!"

हसून झाल्यावर कामाला लागलो. आवाज हळूहळू कमी करून बघू म्हटलं. आमच्याकडे आवाज कमी करायचा एकच मार्ग, वाजवत लांब जायचं. म्हणून सगळे वाजवत शेडबाहेर पडले, रस्त्याने किल्ल्याकडे चालत गेले. सुदामचा ड्रम पुढे निघाल्यावर शेळ्याही मागे निघाल्या. सर आणि मी शेडमध्ये बसून ऐकत होतो. आवाज खरोखर कमी कमी होत गेला, फार सुंदर गेला. मग त्याच वाटेने पुन्हा मोठा होत आला, कारण परत तर यायचंच होतं.

"स्टेजवरून असं जाता येईल का?" सरांनी विचारलं. "मागच्या दाराने?"

"न्हाई," अण्णा म्हणाले. "जेवण करून पळाल्यावाणी दिसतं. आपण आपला शेवट बसवायचा. हुबं राहून. समोर बघून."

त्यानंतर दोन रविवार झाले. दिलीपने सुचवलेला शेवट सिनेमासारखा वाटला. गफूरचाचांचा सुरेख होता, पण अण्णांच्या मते तो झोपवतो. लिंबाजीचं म्हणणं, शेवटी फक्त भ्वाँक ठेवावा. यावर मतदान झालं आणि तो एकटा पडला, तरी मला वाटतं त्यात काहीतरी आहे. दसऱ्यानंतर लिंबाजी कोयता घेऊन ऊसतोडीला जाईल, म्हणजे कार्यक्रमाची तारीख पुढे सरकवता येत नाही. दातही थांबेल असं दिसत नाही. हा दिवाळी अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा जे व्हायचं ते होऊन गेलेलं असेल. आज मला ते माहीत नाही.

माझ्या बाजूची कामं अशी. टेम्पोला सांगितलं. ड्रेस धुऊन आले. अण्णांचा कोट कमरेत आवळायला टाकला. ट्रॉम्बोनच्या नळीला तेल दिलं. बेंजोची तार नवी आणली. मामांसाठी, ते आता काठी घेऊन चालतात, पहिल्या रांगेत मोकळी जागा ठेवायला सांगितली, उडायला. शेळ्यांची सोय सुदामच्या मेहुण्याकडे केली.

गाण्याचा शेवट: बाकी.

आत्ता हे लिहितेय तेव्हा शेडमधून ट्रंपेट ऐकू येतोय. अण्णांनी सकाळी भाकरी दुधात कुस्करून खाल्ली, दातावर जोर नको म्हणून. टोला बरोबर येतोय. त्याच्या पुढे ते एकदा वर जाऊन बघतात, एकदा खाली जाऊन बघतात, आणि थांबतात. परत धारूरहून निघतात.